हेड गॅस्केट गेलंय म्हणाले, तिथून पुढचे तीन महिने

आमची सेडान पंधरा वर्षांची आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, जानेवारीत रनिंग १ लाख ६२ हजार किलोमीटर. बाबांनी ती नवी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लांबचं चालवणं सोडलं, तेव्हापासून मोठ्या प्रवासाला गाडी मी नेते आणि जवळपासच्या कामांना बाबा. जानेवारीत एका गॅरेजने सांगितलं की इंजिन खोलावं लागेल. एप्रिलपर्यंत इंजिन न खोलता गाडी नीट झाली. मधे काय काय तपासलं, कुठे थांबावं लागलं आणि माझं कुठे चुकलं, ते क्रमाने लिहिते आहे. त्या पहिल्या आठवड्यात असं काही वाचायला मिळावं म्हणून मी फार शोधलं होतं.

४ जानेवारीची सकाळ. चांगलीच थंडी होती. गाडी सुरू झाली, पण लगेच थरथरायला लागली. मेकॅनिक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तसं, एक पाय लंगडत चालल्यासारखं. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा आधी लुकलुकला, मग मिनिटाभराने स्थिर झाला. आरशात पाहिलं तर सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं, थरथर गेली, धूरही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

या दिव्याबद्दल एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. तो स्थिर जळत असेल आणि तापमान, ऑइलचा दिवा वगैरे बाकी सगळं ठीक असेल, तर साधारणपणे सवडीने दाखवता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी पळवायची नाही. अशा वेळी एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडत असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं. कन्व्हर्टर इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते, आणि तो अतिशय महाग भाग आहे. मी त्या अवस्थेत दोन दिवस गाडी चालवली. आमचा कन्व्हर्टर वाचला, पण तशी जोखीम पुन्हा घेणार नाही.

७ तारखेला गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने बॉनेट उघडलं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी टाकीवरच्या खालच्या रेषेच्याही खाली होती. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मळकट पांढरी साय धरलेली होती. धूर आणि मिसिंगबद्दल मी सांगितलंच होतं. पाच मिनिटांत निदान झालं: हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. हेड उतरवायचं, फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवायचं, नवं गॅस्केट, नवे बोल्ट, सोबत जे निघेल ते. गाडी दहा ते बारा दिवस तिथे राहणार. एस्टिमेटचा आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. गाडी विकायला काढली तर जे मिळेल त्याच्या निम्म्याहून तो जास्त होता.

त्या मेकॅनिकने फसवलं असं मी म्हणणार नाही. कूलंट कमी होणं, पांढरा धूर, झाकणाखाली साय, एका सिलिंडरचं मिसिंग, ही चारही लक्षणं हेड गॅस्केट फुटल्यावर खरोखर दिसतात. कूलंट ज्वलनकक्षात शिरतं, तिथे वाफ होऊन बाहेर जातं, ऑइलमध्ये मिसळून साय धरतं. पण या चारांपैकी प्रत्येकाला दुसरं, साधं कारणही असू शकतं, आणि ते तपासायला लागणारा अर्धा दिवस त्याने दिला नाही. मी सही न करता गाडी सावकाश घरी आणली. एस्टिमेट मात्र लेखी घेतलं. तो कागद पुढे फार उपयोगी पडला.

घरी आल्यावर बाबांनी त्यांची वही काढली. पेट्रोल कधी भरलं, किती रनिंगला ऑइल बदललं, टायरमध्ये हवा कधी भरली, सगळं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं. ते म्हणाले, “अगं, गाडी काय करते ते आधी लिही. कशामुळे करते ते मागून बघू.” वहीत सापडलं की ऑक्टोबरपासून त्यांनी तीन वेळा कूलंट वर घातलं होतं, दर वेळी अंदाजे पाव लिटर. म्हणजे कूलंट तीन महिने कमी होत होतं आणि मिसिंग आत्ताचं. वहीच्या त्या पानावरून मला पहिल्यांदा शंका आली की या दोन वेगळ्या तक्रारी असतील.

धूर आणि साय यांचाही विचार केला. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमधून जवळपास लिटरभर. थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ निवून पांढरी दिसते आणि पाइप तापला की दिसेनाशी होते. गॅस्केट फुटलं असेल तर बहुधा गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहतो आणि त्याला गोडसर वास असतो, कारण कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. आमचा धूर पाच मिनिटांत जात होता आणि वास नव्हता. साय झाकणालाच होती. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, पुसून तीनदा पाहिली, ऑइल स्वच्छ तपकिरी होतं. बाबा गाडी नेतात ती दोन-दोन किलोमीटरला. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही आणि तो थंड झाकणावर ऑइलशी घुसळून साय होतो. हे सगळे अंदाज होते. खात्रीसाठी मोजमाप हवं होतं.

म्हणून एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. चार दिवसांनी, ११ जानेवारीला आला. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि फोनवर कोड दिसतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ही व्यवस्था सक्तीची झाली, त्यामुळे बहुतेक पंधरा वर्षांच्या गाडीत ती सापडते. आमच्या गाडीत दोन कोड होते: पी०३०० आणि पी०३०३. पहिल्याचा अर्थ मिसिंग होतंय पण अमुक एका सिलिंडरचं असं नाही, दुसऱ्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. शेवटचा आकडा सिलिंडरचा.

कोडपेक्षाही मला उपयोगी पडली ती ‘फ्रीझ फ्रेम’. दोष नोंदवला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती ते संगणक साठवून ठेवतो. त्यात कूलंटचं तापमान ९ अंश होतं आणि इंजिन जागेवरच चालू होतं. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, त्यामुळे ‘क्लिअर’चं बटण दाबण्याआधी पडद्याचा फोटो काढावा. शिवाय कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या उत्सर्जन-चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. उत्सर्जन तपासणीला न्यायच्या आदल्या दिवशी कोड पुसू नये, ते यासाठीच.

१३ तारखेला इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, मी आणि बाबांनी तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल उपसली. पेट्रोल पेटवणाऱ्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती ही. आमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. एक बोल्ट, एक कनेक्टर, बस. कॉइलच्या टोकाचं रबर ऑइलने माखलेलं आणि फुगलेलं होतं. प्लगच्या विहिरीतही तळाशी ऑइल साचलं होतं. ते कापडाने टिपून घेतलं, मग प्लग काढला. प्लगचं टोक फिकट तपकिरी, कोरडं, अगदी निरोगी. टोक काळं काजळलं असेल तर इंधन जास्त जातंय, ओलं तेलकट असेल तर ऑइल सिलिंडरच्या आत येतंय, एकच प्लग धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर तिथे कूलंट शिरत असण्याची शक्यता. आमच्याकडे ऑइल बाहेरच्या बाजूने, वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) सीलमधून झिरपत होतं.

आता प्लग होता तिथेच परत बसवला आणि फक्त कॉइलची अदलाबदल केली: तिसऱ्याची पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्लगही सोबत हलवला असता तर दोष प्लगचा की कॉइलचा ते कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, थरथर तीच, दिवा लागला, स्कॅनर लावला. पी०३०१. दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला होता. बाबा काही बोलले नाहीत, वहीत तारीख घालून कोड लिहिला. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी बॉनेटपाशी तशीच उभी राहिले.

राहिला प्रश्न कूलंटचा. गाडी उभी राहते तिथे जमिनीवर थेंबही नव्हता, आणि कूलंट दिसेनासं होतं म्हणजे ते जळतंय, असा तर्क सगळेच करतात. हे घरी सिद्ध करणं कठीण. मी तीन ठिकाणी फोन करून विचारलं: कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट, कम्प्रेशन टेस्ट आणि कूलंटमध्ये जळालेला वायू येतोय का याची द्रावणाची चाचणी, या तीन गोष्टी करून त्यांचे आकडे लिहून द्याल का? दोघे म्हणाले, गाडी आणा, बघून सांगतो. तिसऱ्या ठिकाणी तपासणीचं शुल्क वेगळं सांगितलं, काम तिथेच केलं तर त्यातलं निम्मं बिलातून वजा होईल म्हणाले, आणि तेरा दिवसांनंतरची तारीख दिली. तेरा दिवस गाडी बंद ठेवणं जड गेलं. आईच्या डोळ्यांच्या तपासणीला रिक्षाने जावं लागलं. पण मी थांबले.

२७ जानेवारीला गाडी दिली. जॉब कार्ड भरताना तिथल्या बाई ‘हेड गॅस्केट तपासणे’ असं लिहीत होत्या. मी ते बदलून घेतलं: ‘कूलंट महिन्याला अंदाजे पाव लिटर कमी होते, जमिनीवर डाग नाही, तापमानाचा काटा सामान्य.’ कार्डावर तक्रार लिहावी, उपाय लिहू नये. उपाय लिहिला की तोच केला जातो, आणि तक्रार तशीच राहिली तरी काम पूर्ण झालं असं धरतात. कार्डावर आणखी दोन ओळी घालून घेतल्या: विचारल्याशिवाय कोणतंही काम सुरू करू नये, आणि काढलेले जुने भाग परत द्यावेत. रनिंगचा आकडा, पेट्रोलची पातळी आणि आधीचे ओरखडे लिहिले आहेत ना ते पाहून सही केली.

त्यांनी मला जवळ उभं राहून पाहू दिलं. आधी कम्प्रेशन. चारही प्लग काढून, पेट्रोलपंप बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडे आले १२.१, १२.०, ११.८ आणि १२.२ बार. एकमेकांत फारसा फरक नको, इतकं पाहायचं असतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असते तर मधलं गॅस्केट गेल्याचा संशय बळावला असता. मग रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून त्यात निळं द्रावण घातलं आणि गरम, चालू इंजिनावर वरचा वायू त्यातून ओढला. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. आमचं शेवटपर्यंत निळंच राहिलं. त्या निळ्या रंगाकडे पाहताना मला श्वास घ्यायचंही सुचत नव्हतं.

इंजिन थंड झाल्यावर शेवटची प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतकी, आमच्या बाबतीत १.१ बार, हवा हातपंपाने भरली आणि तसंच सोडून दिलं. वीस मिनिटांत काटा ०.९ च्या खाली आला. मेकॅनिक दांडीवरचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन वाकला आणि मला बोलावलं. वॉटरपंपाच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, पोटाशी गुलाबी, मिठासारखा सुकलेला थर होता आणि त्यावर ताजा थेंब. पंपाच्या सील आणि बेअरिंगच्या मधे एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. आमचं त्यातूनच झिरपत होतं, आणि तापलेल्या इंजिनावर पडून जमिनीपर्यंत पोचायच्या आत सुकत होतं.

म्हणजे पंपाचं सील आणि टॅपेट कव्हरचं सील, वयाने झिजलेले दोन वेगळे भाग. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

काम ठरलं ते असं: वॉटरपंप, त्याच्यासोबत थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), बाहेरचा पट्टा, टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या विहिरींची सीलं, एक कॉइल, चार प्लग. थर्मोस्टॅट बिघडला नव्हता, पण कूलंट रिकामं होणारच होतं आणि तो स्वस्त भाग आहे, म्हणून हो म्हटलं. चारही कॉइल बदलायला नाही म्हटलं. बाकी तिघींची रबरं पुसून, तपासून परत बसवली. पंप त्यांच्याकडे नव्हता, यायला चार दिवस लागले. ३ फेब्रुवारीला गाडी मिळाली. तपासणीसकट एकूण खर्च पहिल्या एस्टिमेटच्या एक षष्ठांश झाला. जुना पंप पिशवीत घालून दिला होता. त्याचा दांडा बोटाने हलवला तर खुळखुळत होता. सीलच्या पाठोपाठ बेअरिंगही जाणार होतं, आणि ते भर रस्त्यात अडकलं असतं तर पट्टा तुटून इंजिन तापलं असतं. हेड गॅस्केट तेव्हा खरंच गेलं असतं.

कूलंट भरल्यावर आतली हवा काढणं फार महत्त्वाचं. थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत वर घालत राहतात. एकदा गाडी तापली की ते झाकण घरी कधीच उघडू नका. दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, पण झाकण सैल झालं की त्याच क्षणी उसळतं आणि हातातोंडावर येतं. किमान तासभर तरी गार होऊ द्यावं.

सहा दिवस बरे गेले. ९ फेब्रुवारीला सकाळी किल्ली फिरवली आणि ‘टक्’ एवढाच आवाज. सेल्फ फिरेना. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. बाबा म्हणाले मल्टिमीटर आण. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे चांगली भरलेली. पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास दिसतात, १२ च्या जवळ असेल तर ती जवळपास रिकामी. मी किल्ली फिरवत असताना त्यांनी पुन्हा मोजलं, १२.३. बॅटरी रिकामी असती तर भार पडताच आकडा खूप खाली गेला असता आणि एका टक्ऐवजी बहुधा टकटकटक असं भराभर वाजलं असतं. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं थेट इंजिनाच्या धातूवर, आणि पुन्हा किल्ली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. मीटरने २ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं. इंजिनाच्या अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिन जोडणाऱ्या वायरचा, बोल्ट ढिला होता, पंपाच्या कामात सोडून नीट आवळला गेला नसावा. काढून पॉलिश पेपरने घासला, आवळला, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. गॅरेजला फोन करून सांगितलं, त्यांनी चूक मान्य करून जॉब कार्डावर तशी नोंद केली.

त्यानंतर मार्चमध्ये पन्नासच्या वेगापुढे एक घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. यावर फार वेळ गेला नाही. आधी पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले, कारण वेडेवाकडे झिजलेले टायरही असेच घुमतात आणि जागा बदलली की आवाजाची जागाही बदलते. आवाज तिथेच राहिला. डाव्या वळणावर तो वाढायचा, उजव्या वळणावर कमी व्हायचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून संशय पुढच्या उजव्या बेअरिंगवर. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं तर खरखर हाताला जाणवली. एका दिवसात बदलून झालं. पूर्ण वळणावर कटकट वाजलं असतं तर मी अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटकडे पाहिलं असतं, आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं असतं तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घेतलं असतं.

स्कॅनर आता ग्लव्ह बॉक्समध्ये असतो. लांबच्या प्रवासात मी मधून मधून कूलंटचं तापमान पाहते. चालताना ८८ ते ९२, गर्दीत उभी असताना ९७ पर्यंत चढतं, पंखा लागतो, पुन्हा उतरतं. काटा फक्त उभ्या गाडीत चढत असेल तर पंखा तपासायचा. पळत्या गाडीत चढत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पंप. बाबांना मी दर आठवड्याला एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारायला लावते, आणि झाकणाखालची साय आता धरत नाही.

फेब्रुवारीत गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी कूलंटच्या टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीला चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावला होता. १४ एप्रिलची वहीतली नोंद अशी: रनिंग १,६४,१९०. कूलंट पट्टीवर. काही घातले नाही.